सव्वीस नंबरच्या लेण्यातला किस्सा

अण्णा, गेलेल्या माणसावर रागावू नये असं म्हणतात, आणि आजवर मी रागावले नाही. पण रविवारपासून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे ती उतरायला तयार नाही. भांडी आदळून झाली, नवऱ्यावर विनाकारण ओरडून झालं, तुमच्या फोटोसमोर उभं राहून दोन वाक्यं बोलूनही पाहिलं. फोटो नुसता हसतो. तुम्ही लोकांसमोर हसायचात तसंच, पाहुण्यांच्या गाडीचं दार उघडताना. म्हणून लिहायला बसले आहे. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला कळतं, मी काही वेडी नाही. पण माझ्या पोटात राहिलं तर मलाच बाधेल.

झालं असं, की आमच्या कॉलनीतल्या बायकांनी एका दिवसाची सहल ठरवली. सकाळी सिडकोतून बस, अजिंठ्याची लेणी, फर्दापूरला जेवण, मग घाट चढून वरचा व्ह्यू पॉइंट आणि परतताना अन्व्याचं महादेवाचं मंदिर. गाइड ठरवलेला. आईला मी बळंच नेलं. ती गुडघे धरून बसली होती, ‘पाहिलंय मी, तुम्ही जा’ म्हणत होती. मला वाटलं, टीव्हीवर पाहिलं असेल, कॅलेंडरवर पाहिलं असेल. कारण आमच्या घरात पक्कं ठरलेलं होतं की आईनं अजिंठा पाहिलेला नाही. तुम्ही अर्ध्या जगाला ती लेणी दाखवलीत आणि घरच्यांची वेळ आली की म्हणायचात, सुट्टीच्या दिवशी तरी मला दगड दाखवू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शाळेच्या सहलीबरोबर मी गेले, दादा मित्रांबरोबर गेला, राहिली ती आई. तुमचं ते एक देणं मी फेडते आहे अशा थाटात मी तिला नवं लुगडं नेसवून बसमध्ये बसवलं. किती शहाणी मी, सांगा.

बसमध्ये बसल्या बसल्या मला आपलं ते जुनं स्वयंपाकघर आठवत होतं. तुम्ही शेवटच्या गाडीनं यायचात, अंगाला वटवाघळांचा वास, पायावर लाल धूळ. हातपाय धुऊन पाटावर बसलात की आम्ही दोघं तुमच्या दोन बाजूंना. मग किस्से. त्या इटालियन बाईचा, जिला माकडानं चष्म्याशिवाय परत पाठवलं. त्या जपानी म्हातारीचा, जिनं तुम्हाला घडीची छत्री दिली आणि वाकून इतके नमस्कार केले की तुमचीच कंबर धरली. तुम्ही मध्येच थांबायचात, घास हातात धरून, भुवया वर करून, आणि आम्ही ‘मग? मग काय झालं?’ करत जीव टाकायचो. आई चुलीकडं तोंड करून भाकरी थापायची. एकदा, फक्त एकदा, ती मागं न वळता म्हणाली, तिथं आत लई अंधार असतो, माणसाचं तोंडसुद्धा दिसत नाही. तुम्ही म्हणालात, ‘तुला काय माहीत? तू कुठं बघायला गेलीस?’ आम्ही हसलो. आईनं वळून तुमच्याकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती भाकरी करपलेली होती आणि तुम्ही न बोलता खाल्लीत. मला त्या दिवशी त्याचं नवल वाटलं होतं, कारण करपलेली भाकरी तुम्ही एरवी ताटाबाहेर काढायचात.

गाइड पायथ्याशी भेटला. पन्नाशीकडं झुकलेला, पोट सुटलेला, डोक्यावर टोपी, निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी बोलणारा. आईसाठी डोली केली. चार माणसांनी तिला खुर्चीसकट उचललं तेव्हा ती लाजली, पण बसली. खाली वाघूर भरून वाहत होती, समोरचा डोंगर हिरवागार. आणि तो माणूस बोलायला लागला नि मी चालायची थांबले. अण्णा, ती तुमची बोलायची तऱ्हा होती. टॉर्च तळहातावर आपटायची. बायकांचा घोळका पांगला की आवाज चढवायच्या ऐवजी उतरवायचा, म्हणजे सगळ्या आपोआप जवळ येतात. पद्मपाणीसमोर उभं राहून आधी काहीच बोलायचं नाही. मी विचारलं, कुणाकडं शिकलात. तो म्हणाला, ‘होते आमचे एक उस्ताद. आता नाहीत. इथले निम्मे गाइड त्यांच्याच हाताखाली तयार झाले.’ माझी छाती अशी फुगली की सांगता येत नाही. मी त्याला सांगितलं नाही मी कोण ते. शेवटी सांगू, त्याला चकित करू, असा माझा बेत होता. आईच्या डोलीशी जाऊन हळूच म्हटलं, ‘आई, हा अण्णांचा चेला.’ ती म्हणाली, ‘व्हय, वाटलंच.’ तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

सव्वीस नंबरचं लेणं. चपला बाहेर काढून आत गेलो, डाव्या हाताला भिंतभर ते आडवे बुद्ध, उशीवर हात, डोळे मिटलेले, आणि खाली ओळीनं बसलेले त्यांचे शिष्य, कुणी गालाला हात लावलेला, कुणी मान खाली घातलेली. डोलीवाल्यांनी आईला दाराशी उतरवलं, ती माझा दंड धरून आत आली. गाइडनं सगळं नीट सांगितलं, निर्वाण म्हणजे काय, वर स्वर्गातले लोक आनंदात आहेत आणि खाली माणसं रडत आहेत. मग टॉर्च तळहातावर आपटून म्हणाला, आता एक खरा घडलेला किस्सा, आमच्या उस्तादांचा.

म्हणे, एकदा एक खेडवळ बाई इथं आली. जन्मात पहिल्यांदा घराबाहेर पडलेली. सगळे वर बुद्धांकडं पाहतात, हिनं पाहिली खालची रडणारी माणसं. तिला वाटलं, आपण मयताच्या घरी आलो. झालं, पदर डोक्यावरून ओढला, तिथंच बसकण मारली आणि गावाकडं काढतात तसा हेल काढून रडायला लागली. साहेब लोक बघतच राहिले. रडता रडता तिनं उस्तादांना विचारलं, ‘अहो, कधी गेले हो?’ उस्ताद म्हणाले, ‘बाई, दोन-अडीच हजार वर्षं झाली.’ इथं तो थांबला, भुवया वर करून, अगदी तुमच्यासारखा. आणि मग, ‘बाई म्हणती कशी, अगं बाई, मग तर मी लईच उशिरा आले.’

सगळं लेणं हसलं. दगडी छत आहे, हसू घुमत राहिलं. मीही हसले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले, कारण इतक्या वर्षांनी तुमचा तो थांबा मला ऐकू आला होता आणि मला वाटत होतं हा किस्सा माझ्या मालकीचा आहे.

आईनं माझा दंड सोडला. ती त्या गाइडकडं पाहत, अगदी साध्या आवाजात, भाजीवालीला वजन चुकलं म्हणून सांगावं तसं म्हणाली, ‘कधी गेले, असं नाय म्हणली ती.’

गाइड हसत म्हणाला, ‘मावशी, तुम्हालाही माहीत आहे का किस्सा?’

‘मला का नाय सांगितलं, असं म्हणली,’ आई म्हणाली. ‘मीच होते ती.’

पुढचा घोळका आत यायला लागला म्हणून आम्ही बाहेर पडलो. आईनं स्वतःच्या हातानं चपला घातल्या, मला वाकू दिलं नाही.

फर्दापूरला जेवताना ती नीट जेवली. शेवभाजी तिखट आहे म्हणाली, दही मागून घेतलं. मी विचारत होते आणि ती ‘जेव आधी’ म्हणत होती. मग घाट चढून आम्ही व्ह्यू पॉइंटला गेलो. तिथून सगळी लेणी एका नजरेत दिसतात, घोड्याच्या नालेसारखा डोंगर आणि खाली नदीचं वळण. बायका फोटो काढत आहेत, आई कठड्याजवळच्या बाकावर बसली आहे, पदर वाऱ्यानं उडतो आहे आणि ती सांगते आहे. माझ्याकडं न बघता, समोरच्या डोंगराला सांगितल्यासारखं.

तर अण्णा, मला आता सगळं माहीत आहे. आत्याचं लग्न होतं आणि घरात देवक बसलं होतं. आईच्या गावाहून माणूस आला तो घरी आलाच नाही, त्यानं तुम्हाला सिल्लोडच्या स्टँडवर गाठलं आणि सांगितलं की तिचे वडील गेले. तुम्ही घरी न कळवता त्याच्याबरोबर गेलात. तिच्या भावांनी विचारलं, ताई कुठं आहे, तर म्हणालात तिला ताप आहे, अंथरुणावरून उठता येत नाही. तुम्ही तिच्या बापाला खांदा दिलात. मग कुणाच्या तरी विहिरीवर अंघोळ करून घरी आलात आणि जेवायला मागितलंत. तिनं वाढलं. तिला हळद दळायची होती, रुखवत मांडायचं होतं, नवरीची वहिनी म्हणून मिरवायचं होतं. तिनं ते सगळं केलं, हौसेनं केलं. लेकीला बापाचं सुतक तीन दिवस, अण्णा. तीन दिवसांनी तुमच्या बहिणीचं लग्न मोडणार नव्हतं. एक सून हाताखाली कमी झाली असती, एवढंच. पण तुम्ही फक्त आजीला, तुमच्या आईला, सांगितलंत, ती म्हणाली, ‘देवक उठेपर्यंत बोलायचं नाही’, आणि देवक उठल्यावरही तुमच्या तोंडातून ब्र निघाला नाही.

तिला कळलं ते कसं, हे तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. लग्नाचा मांडव उतरल्यावर मामा आला. तिनं दार उघडलं. मामानं टोपी काढली आणि त्याचं डोकं भादरलेलं होतं. तेवढंच. नवं जोडपं सत्यनारायणाला घरात होतं, आजी म्हणाली दिवेलागणीला रडायचं नाही, म्हणून ती आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून बसली. मग ती बोलेनाशी झाली. मग तुम्हाला वाटलं हिला जरा हवापालट घडवावा. तो हवापालटही तुम्ही कामाच्या दिवशी केलात, पाहुण्यांच्या मोठ्या गाडीत मागं एक जागा रिकामी होती म्हणून. आपली बायको म्हणून ओळखसुद्धा करून दिली नाहीत. ती लेण्यांमधून तुमच्या घोळक्याच्या मागं मागं चालत राहिली आणि सव्वीस नंबरला तिनं पाहिलं की इथं एक माणूस आडवा आहे आणि त्याची माणसं त्याच्याजवळ बसून रडत आहेत, आणि त्यांना कुणी उठवत नाही. ती त्यांच्यात जाऊन बसली. रडून झाल्यावर तिनं तुमच्याकडं मान वर करून विचारलं, मला का नाही सांगितलं. तुम्हाला विचारलं तिनं, दगडाला नाही.

त्या गोऱ्या लोकांनी तुम्हाला विचारलं, ही काय म्हणते आहे. तुम्ही काय सांगितलंत ते रविवारी गाइडच्या किश्श्यातून कळलं: ही विचारते आहे हा माणूस कधी वारला. ते हसले. एवढ्यानं तुमची सुटका झाली. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण हसू कोणत्याही भाषेतलं कळतं, असं ती म्हणाली. तुमचं कामच ते होतं, एका माणसाचं बोलणं दुसऱ्याला त्याच्या भाषेत सांगायचं. लोक डोळे झाकून विश्वास ठेवायचे तुमच्यावर. आणि तुमच्याच बायकोनं आयुष्यात एकदा तुम्हाला जाब विचारला, तर तुम्ही तिच्या तोंडात दुसरंच वाक्य घातलंत. मग त्याला अडीच हजार वर्षांचं शेपूट जोडलंत. मग ते रंगवलंत, घासून गुळगुळीत केलंत, हाताखालच्या पोरांना शिकवलंत. लईच उशिरा आले. अण्णा, हे वाक्य तुम्हाला सुचलं तरी कसं? तिला उशीर तुम्ही केला होतात.

आणि मला सर्वांत जास्त चीड कशाची आहे, सांगू? पाटावर बसून तुम्ही आम्हाला सगळे किस्से सांगितलेत. माकडाचा, छत्रीचा, बेशुद्ध पडलेल्या फ्रेंच माणसाचा, काही तर वीस वीस वेळा. हा एक घरात कधी सांगितला नाहीत. म्हणजे तुम्हाला कळत होतं. अजाणता झालं असतं तर मी म्हटलं असतं, जाऊ दे, जुनी माणसं, जुना काळ. पण दिवसा तिकडं हसवायचं आणि रात्री इकडं गप्प बसायचं, हे माणूस अजाणता करत नाही. ‘तू कुठं बघायला गेलीस’ म्हणालात तेव्हा आम्हा पोरांसमोर तुम्ही तिला तिच्या त्या एका दिवसातूनसुद्धा हाकलून दिलंत. मी आईवर चिडले, म्हटलं, ‘तू का गप्प राहिलीस, मला तरी सांगायचंस.’ ती म्हणाली, ‘तुझ्या बापाला घरात तोंड दाखवायला एक तरी जागा ठेवायची होती. तुम्ही दोघं होता ती.’

तेवढ्यात त्या बाकापाशी तो गाइड चहा घेऊन आला. बिचाऱ्याचा चेहरा उतरलेला. त्यात त्याची काय चूक, तो तर तुम्ही दिलेली ठेव म्हणून तो किस्सा जपत होता. मी त्याला चार शब्द सुनावायच्या तयारीत होते, आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो म्हणाला, ‘मावशी, माफ करा. परत नाही सांगणार कधी.’

आई म्हणाली, ‘सांग की. पण ती म्हणली तेच सांग.’

‘मग कुणी हसणार नाही, मावशी.’

‘नाय हसलं तर नाय हसलं,’ आई म्हणाली, आणि चहात साखर कमी आहे म्हणून त्याला परत पाठवलं.

अन्व्याच्या मंदिरात ती उतरली, पायऱ्या स्वतः चढली, महादेवाला हात जोडले, खांबांवरचं कोरीवकाम पाहून ‘केवढं काम आहे’ म्हणाली. मी मात्र कशाकडं पाहिलं नाही. परतताना तिच्या माहेराचा फाटा लागला तेव्हा मी बस थांबवू का विचारलं. तिथं आता कोण आहे, म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. बसमध्ये भेंड्या चालल्या होत्या. मला एकेकीचं तोंड बंद करावंसं वाटत होतं. उतरताना एक बाई म्हणाली, गाइड काय छान होता ना. मी तिच्याशी अजून बोललेली नाही.

हे सगळं मी आज दुपारपासून लिहिते आहे. आई मेथी निवडत समोर बसली आहे. थोड्या वेळापूर्वी तिनं विचारलं, ‘त्यांना लिहायलीस का?’ मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? ती जुडी सोडत राहिली. मग म्हणाली, ‘मग एक विचार. दादांचं तोंड कसं होतं. त्यांनी पाहिलं होतं, मी नाय पाहिलं.’ तिच्या बापाला ती दादा म्हणायची, हेही मला आजच कळलं. इतकी वर्षं तुमच्याबरोबर एका घरात राहून तिनं तुम्हाला हा एक प्रश्न विचारला नाही, कारण विचारला तर तुम्हाला मान्य करावं लागलं असतं की तुम्ही तिथं होतात. मामाही सगळे गेले, आता ज्यानं पाहिलं असं कुणीच राहिलं नाही.

मी लेखणी खाली ठेवली आणि म्हटलं, ‘मला सांगितलं होतं अण्णांनी. शांत होतं म्हणाले. दाढी केलेली होती, आणि कपाळावर आठी नव्हती.’

आईनं विचारलं, ‘कधी सांगितलं?’

‘दवाखान्यात. शेवटी शेवटी.’

‘बरं,’ ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, ‘दाढी केली होती, हे बरं झालं,’ आणि काड्या वेगळ्या करायला लागली.

दवाखान्यात तुम्ही फक्त पाणी मागत होतात, अण्णा. त्या माणसाबद्दल तुम्ही मला आयुष्यात एक शब्द बोलला नाहीत. मी तुमच्या तोंडात वाक्य घातलं, आणि ते घालताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही.